गुण्यागोविंदाने कापावे

चौरंग डुलतो. बाकी सगळं जागच्या जागी आहे. चारी कोपऱ्यांना केळीचे खुंट, मध्ये तांदळाची रास, राशीवर कलश, कलशावर ताम्हण, ताम्हणात बाळकृष्ण. यजमान फूल वाहायला पुढे वाकतात, कोपर कडेला लागतं आणि ‘टक्’ असा आवाज होतो. दुसऱ्या अध्यायापर्यंत ही टकटक कथेला साथ देते. मग घरातलं कोणीतरी समंजस माणूस जुन्या लग्नपत्रिकेची चौघडी करून एका पायाखाली सारतं. पत्रिकेवरचा गणपती चौरंगाखाली, बाळकृष्ण चौरंगावर, अशी देवांची वाटणी होऊन पूजा पुढे सरकते.

अशा वेळी फरशीला बोल लावायची आपल्याकडे रीत आहे. मला मात्र आधी सुताराचा संशय येतो, आणि सुतारकामाचा छंद असलेला यजमान स्वतःच तो चौरंग बनवून बसला असेल तर संशयाचीही गरज उरत नाही. साधा चौरंग म्हणजे चार पाय आणि पायांना जोडणाऱ्या चार पट्ट्या. प्रत्येकाला दोन टोकं. म्हणजे सोळा आडवे काप. पूजा षोडशोपचार असते, तसा चौरंगही षोडशोपचारच असतो. फरक एवढाच की पूजेतला एखादा उपचार राहिला तर अक्षता वाहून भागतं. इथे भागत नाही.

सुताराच्या काटकोनाला गुण्या म्हणतात आणि बरोब्बर काटकोनात असलेल्या वस्तूला ‘गुण्यात आहे’ म्हणतात. चार पायांनी गुण्यागोविंदाने नांदावं असं वाटत असेल, तर गोविंद चौरंगावर येऊन बसलेलाच आहे. अडलंय ते गुण्यापाशी.

आडवा काप अवघड का, ते खराट्याला विचारा. खराट्याची जुडी उभी चिरायची तर काड्या आपोआप बाजूला होतात. तीच जुडी आडवी कापायला घ्या: वरच्या काड्या तुटतात, मधल्या चेंगरतात, खालच्या फाटून लोंबतात. लाकूड म्हणजे अशीच घट्ट बांधलेली जुडी. म्हणून उभ्या कापाच्या करवतीचे दात पटाशीसारखे असतात, ते तंतू खरवडून काढतात. आडव्या कापाच्या करवतीचे दात सुरीसारखे असतात. त्यांना बाजूनं तिरकी धार असते, एक दात डावीकडची रेघ कापतो, पुढचा उजवीकडची, आणि मधला भुसा आपोआप बाहेर पडतो. उभ्या कापाच्या करवतीनं आडवं कापलं की खालच्या कडेला दाढी येते. मशीनच्या पात्यालाही हाच न्याय. १० इंची पात्याला २४ दात असतील तर ते उभ्या कामाचं, ६० ते ८० असतील तर आडव्या कामाचं. मशीनबरोबर फुकट आलेलं पातं बहुतेक वेळा २४ दातांचं असतं, आणि लोक दोष लाकडाला देतात.

आता चूक किती झाली की ती दिसते? करवत १ अंशानं तिरकी गेली तर १०० मिमी रुंदीच्या पट्टीत १.७ मिमीचा फरक पडतो. म्हणजे साधारण अर्धं सूत. ३०० मिमी रुंदीच्या फळीत तोच १ अंश ५.२ मिमीचा होतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. सुतावरून स्वर्ग गाठणारे इथे चौरंगाच्या दुसऱ्या पायापर्यंतसुद्धा पोचत नाहीत.

करवत हातात घेण्यापूर्वीच दोन अपघात होऊन गेलेले असतात. पहिला मोजपट्टीचा, म्हणजे टेपचा. टेपच्या टोकाची लोखंडी नखी जराशी हलते. ती हलायलाच हवी. बाहेरून अडकवून मोजताना नखीची जाडी मापाबाहेर राहिली पाहिजे आणि आत टेकवून मोजताना ती मापात धरली गेली पाहिजे, म्हणून ती बरोबर आपल्या जाडीइतकी मागेपुढे सरकते. घराघरांतून हातोडीनं ठोकून ‘दुरुस्त’ केलेले टेप सापडतात. असा टेप एका पद्धतीनं मोजताना हमखास खोटं बोलतो, आणि कुठल्या, हे ठोकणाऱ्याला आठवत नाही. शिवाय एका कामात दोन टेप वापरू नयेत. दोघांचं पटत नाही.

दुसरा अपघात हिशोबाचा. दहा फुटी पट्टीतून दोन-दोन फुटांचे पाच तुकडे निघतात, हे तिसरीतलं पोरही सांगेल. निघत नाहीत. पातं स्वतःही खातं. जाड पात्याची खाच ३.२ मिमीची, म्हणजे प्रत्येक कापाला एक सूत. पाच तुकड्यांना चार काप, चार सूत गेले, अर्धा इंच गायब. पाचवा तुकडा एक फूट साडेअकरा इंच. लाकूड आणायला पुण्याच्या टिंबर मार्केटात गेलात तर सुताच्या हिशोबासकट यादी न्यावी, नाहीतर त्या अर्ध्या इंचासाठी दुसरी आख्खी पट्टी घ्यावी लागते. बारीक पात्याची खाच २.४ मिमीच्या आसपास असते. ते कमी खातं, पण जाड लाकडात घाईनं दाबलं तर वाकतं. कमी खाणाऱ्याकडून किती काम घ्यावं, याला मर्यादा आहेच.

मग येतो गुण्या. नवा गुण्या खरा असतो, ही श्रद्धा आहे. तपासायची रीत जुनी आणि फुकटची. सरळ कडेची प्लायची फळी घ्या. गुण्याचा जाड दांडा कडेला टेकवून पात्याच्या बाजूनं सुरीनं एक रेघ ओढा. आता गुण्या पुस्तकाच्या पानासारखा पालथा घाला, दांडा त्याच कडेला, आणि त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढा. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. वर जाऊन फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्याची. ही परीक्षा दुकानात, काउंटरवर, दुकानदाराच्या डोळ्यांसमोर करायची असते. तो वैतागतो. दर वेळी हातातून पडल्यावरही करायची असते, आणि गुण्या पडतो तो नेहमी कोपऱ्यावरच पडतो.

पेन्सिलीचीही एक गंमत आहे. सुताराच्या चपट्या पेन्सिलीची रेघ सहज मिलिमीटरभर जाड होते. त्या रेघेच्या अलीकडे कापायचं, पलीकडे कापायचं की मधोमध, यावर घरात तीन मतं असतात, आणि सोळा काप तीन मतांनी केले की चौरंग डुलतो. रेघ सुरीनं मारावी. पहिला हात अगदी हलका, नाहीतर सुरी तंतूंबरोबर भटकते. दुसरा जरा जोरात. तिसरा पक्का. रेघ चारी बाजूंनी फिरवायची आणि ती जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली पाहिजे. मिळाली नाही तर गुण्या खोटा, नाहीतर लाकूडच गुण्यात नाही. दर वेळी गुण्याचा दांडा त्याच दोन कडांना टेकवावा. चारही कडांना टेकवत गेलात की चौघांची चूक एकत्र येते. मग टाकाऊ बाजूनं पटाशी तिरकी धरून रेघेलगतची बारीक ढलपी काढायची. राहते ती एक छोटी भिंत. करवत त्या भिंतीला चिकटून खाली उतरते, तिला भटकायची सोयच राहत नाही, आणि वरची कडही फाटत नाही. मला विचाराल तर आडव्या कापातलं निम्मं कौशल्य या ढलपीत आहे. ती फुकट असल्यामुळे कोणी तिची जाहिरात करत नाही.

करवतीचं दुकान हा वेगळा अध्याय. ‘करवत द्या’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी १८ इंची, मोठ्या दातांची, प्लॅस्टिकच्या मुठीची करवत समोर येते. तिला इंचाला सात-आठ दात असतात. आंब्याची फांदी तोडायला उत्तम. चौरंगाच्या पायाला इंचाला १२ ते १४ दातांची, पाठीवर पोलादी किंवा पितळी कणा असलेली करवत लागते, तिला टेनन सॉ म्हणतात. कण्यामुळे पातं ताठ राहतं, पण कणा जाड असल्यामुळे तो खाली गेला की काप तिथेच थांबतो. सात सेंटिमीटरपेक्षा जाड लाकूड तिच्या आवाक्याबाहेर. तिसरा प्रकार जपानी, ओढताना कापणारा. पातं ओढलं जात असल्यामुळे ते दुमडत नाही, म्हणून फार पातळ ठेवता येतं. कणा असलेली डोझुकी, आणि एका बाजूला उभे, दुसऱ्या बाजूला आडवे दात असलेली र्‍योबा. नवशिक्याला सरळ कापायला जपानी करवत सोपी जाते, यात वाद नाही. पण आजकाल मिळणाऱ्या बहुतेक पात्यांचे दात तापवून कडक केलेले असतात. त्यांना कानस लागत नाही, बोथट झाली की पातं बदलायचं. आणि सवयीनं ढकललीत तर सागाच्या गाठीत पात्याला अशी मुरड पडते की पुढचा प्रत्येक काप त्या मुरडीच्या मर्जीनं जातो.

करवत धरायची कशी? तीन बोटं मुठीत, तर्जनी पात्याच्या दिशेनं सरळ. दुसऱ्याकडे बोट दाखवायला आपल्याला शिकवावं लागत नाही, तसंच. कोपर, मनगट आणि पातं एका रेषेत. लांबच्या कोपऱ्यावर दोन-तीन हलके हात मारून खाच पाडा, मग करवतीची मूठ हळूहळू खाली आणा. जोर लावायचा नाही, करवतीचं वजन पुरतं. जोर लावला की मनगट वळतं, आणि मनगट वळलं हे आपल्याला काप संपल्यावर कळतं.

ते आधी कळायचीही सोय आहे. पातं स्वच्छ, चकचकीत असेल तर त्यात लाकडाची कड दिसते. खरी कड आणि तिचं प्रतिबिंब मिळून एक सलग सरळ रेघ दिसली की करवत कडेशी काटकोनात. जोडावर कोन दिसला की ती तिरकी. हातच्या काकणाला आरसा लागत नसेल, हातच्या करवतीला लागतो, आणि तो तिच्या अंगावरच असतो. गंजलेल्या करवतीचं खरं नुकसान हे आहे.

पट्टी धरायची कशाला, हा पुढचा प्रश्न. फरशीवर बसून पायाच्या अंगठ्यानं पट्टी दाबून धरणारा सुतार पाहिला आहे ना? त्याच्या पायाला जे जमतं ते आपल्या पायाला जमत नाही. जमवायला जाऊही नये. आपल्यासाठी बेंच हूक नावाचा पाट आहे. साधारण ३० बाय २० सेंटिमीटरची १८ मिमी प्लाय, वरच्या बाजूला एका कडेनं एक पट्टी, खालच्या बाजूला विरुद्ध कडेनं दुसरी. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडते, वरच्या पट्टीला लाकूड टेकतं, आणि करवतीचा प्रत्येक धक्का लाकडाला पट्टीवर दाबून धरतो. जपानी करवत ओढत असल्यामुळे हिला उलटा पाट लागतो, नाहीतर लाकूड प्रत्येक हाताला अंगावर येतं. वरची पट्टी पाटाच्या टोकापर्यंत न नेता एक बोट आत थांबवावी. मग काप तिथून खाली पाटावर उतरतो, तो टेबल कापत नाही आणि लाकडाची मागची कडही फाटत नाही, कारण तिला पट्टीचा आधार असतो. खर्च टाकाऊ तुकड्यांचा. बनवायला अर्धा तास. पट्टी गुण्यात बसवायला आणखी अर्धा.

हातानं कापलेलं टोक आरशासारखं हवं असेल तर मिलिमीटरभर जास्त ठेवून कापावं आणि शूटिंग बोर्डावर रंधा मारावा. हाही पाटच, पण याच्यावर रंधा कुशीवर झोपून सरकतो. रंध्याला धार नसेल तर टोकाचे तंतू कापले न जाता चुरगळतात, आणि ज्या बाजूनं रंधा बाहेर पडतो तिथली कड उडते. त्या कडेला आधीच पटाशीनं चिमूटभर उतार द्यायचा. सागाच्या टोकावरून धारदार रंधा जाताना ‘सुर्रर्र’ असा आवाज येतो आणि सिगारेटच्या कागदासारखी साल निघते. बोथट रंधा ‘खर्र’ म्हणतो आणि नुसता भुसा देतो. कान असणाऱ्याला धार तपासायला बोट लावावं लागत नाही.

इथवर वाचून मशीनवाले कंटाळले असतील. त्यांच्यासाठी एक इशारा: जिग म्हणजे काप सरळ जावा म्हणून लाकूड धरणारा साचा, पण दुकानात ‘आडव्या कापाला जिग हवा’ म्हटलंत की जिगसॉ मिळतो. तो घेऊ नका. जिगसॉ ही वळणं कापायची वस्तू. तिचं पातं खालच्या टोकाला मोकळं असतं, त्यामुळे जाड लाकडात वरचा काप रेघेवर असतो आणि खालचा गावाला गेलेला असतो.

आपल्याकडे प्लाय कापायला सर्रास ११० मिमीचा मार्बल कटर वापरतात, त्यात दगडाच्या चकतीऐवजी ३० किंवा ४० दातांचं लाकडाचं पातं घालून. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे, खालून झाकणारं झाकण नाही, आणि कापलेली फट मिटून पातं चिमटू नये म्हणून मागे उभी असते ती पट्टीही नाही. पातं चिमटलं की मशीन उसळून कापणाऱ्याकडे येतं. यावर विनोद करायचा माझा विचार नाही. लाकडासाठी बनवलेली सर्क्युलर सॉ, म्हणजे हातात धरायची गोल पात्याची करवत घ्या, लाकडावर सरळ पट्टी क्लॅम्पनं आवळून तिच्या कडेनं चालवा, आणि चांगली बाजू खाली ठेवा, कारण तिचे दात खालून वर येतात आणि फाटतं ते वरच्या बाजूला. फिरत्या पात्यापाशी हातमोजे, सैल बाही, मनगटातला देवाचा दोरा, यातलं काहीही नको.

मायटर सॉ म्हणजे वरून खाली येणारी करवत. लांब पट्ट्यांना हिच्याइतकं सोपं काही नाही. तिच्यावर ०, २२.५, ४५ अंशांना खटके असतात आणि खटक्यावर लोकांचा देवाइतका विश्वास असतो. कारखान्यातून निघून, टेम्पोतून हादरत आलेल्या यंत्राचा शून्य हा शून्यच असेल असं नाही. परीक्षा गुण्यासारखीच. सरळ, रुंद पट्टी मधोमध कापा, एक तुकडा पालथा घाला, दोन्ही तुकडे सरळ कडेला टेकवून टोकाला टोक भिडवा. मध्ये त्रिकोणी फट दिसली तर ती चुकीच्या दुप्पट आहे. साध्या १० इंची मशीनची झेप १३०–१४० मिमी रुंदीपर्यंत जाते. पुढेमागे सरकणारं घेतलंत तर ३०० मिमीपर्यंत, पण सरकणाऱ्या दांड्यांमध्ये जेवढा खुळखुळा तेवढी बोंब. सरकणाऱ्या मशीनला उलट्या कलाचे, साधारण उणे ५ अंशांचे दात असलेलं पातं लावावं. पुढे झुकलेल्या दातांचं पातं लाकडावर चढायला बघतं.

लांब पट्टीच्या दुसऱ्या टोकाला घरातलं एक माणूस उभं करायची प्रथा आहे. ते माणूस प्रेमानं टोक उचलून धरतं. टोक उचललं की काप वरून मिटतो आणि पातं अडकतं. मदतनिसाला एवढंच सांगावं: उचलायचं नाही, नुसता टेकू द्यायचा. त्याहून बरं म्हणजे त्याच उंचीचा ठोकळा ठेवावा. ठोकळा कंटाळत नाही, मध्येच फोनही घेत नाही. आणि काप झाल्यावर पातं पूर्ण थांबेपर्यंत वर उचलू नये. उचलताना सुटा तुकडा पात्यात सापडतो आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला सापडतो.

पण खरा महाल टेबल सॉचा, म्हणजे टेबलातून पातं वर येणाऱ्या करवतीचा. आणि तिच्यासोबत येणारा मायटर गेज हा त्या महालाचा डुगडुगता पाय. खाचेत सैल बसणारी एक सळई, त्यावर हाताच्या पंजाएवढी पट्टी. तिला ३०० मिमीची फळी टेकवून सरळ कापायचं म्हणजे वासराच्या आधारानं हत्ती उभा करायचा. म्हणून क्रॉसकट स्लेड बनवतात. खाचांत घसरणारा एक मोठा पाट, त्याच्यावर आपली फळी बसते आणि पात्यातून पाटासकट जाते. खाली लाकूड, मागे लाकूड, त्यामुळे कड फाटायला जागाच नाही.

तळाला १२ मिमी प्लाय, ६०० बाय ४५० मिमी पुरे. टेबलाच्या खाचा बऱ्याच मशीनवर पाऊण इंच रुंद आणि तीन सूत खोल असतात, त्यात बसणाऱ्या दोन पट्ट्या. पट्ट्या खाचेत ठेवताना खाली रुपयाची नाणी सारायची म्हणजे त्या टेबलाच्या वर जराशा येतात. वर गोंद, त्यावर प्लाय, त्यावर वजन. मग वरून स्क्रू, पण आधी भोक पाडून. भोक न पाडता स्क्रू पिळला की पट्टीचं पोट फुगतं आणि सकाळपर्यंत सरकणारा पाट दुपारी अडून बसतो. पुढची उभी पट्टी फक्त पाट दुभंगू नये म्हणून असते, ती वाकडी असली तरी चालतं. आपल्या बाजूची पट्टी मात्र सगळ्या कारभाराची मालकीण. १८ मिमी प्लायचे दोन थर चिकटवून ती सरळ करायची, एका टोकाला एक स्क्रू मारायचा, दुसरं टोक क्लॅम्पनं धरायचं. गोंद मुळीच लावायचा नाही. पातं जिथून मागे बाहेर येतं तिथे एक जाड ठोकळा ठोकून ठेवावा. अंगठे सवयीनं तिथेच विसावतात.

मग पाच कापांची परीक्षा. साधारण ४०० मिमीचा प्लायचा चौकोन घ्या, बाजूंना १, २, ३, ४ आकडे घाला. पहिली बाजू कापा. कापलेली बाजू पट्टीला टेकवा, पुढची कापा. असं चारही बाजूंनी फिरत या आणि पाचव्या वेळी पुन्हा पहिली बाजू कापून वीसेक मिमीची चिंधी काढा. पट्टी जितकी वाकडी तितकी चूक या चिंधीत चौपट होऊन येते. व्हर्नियरनं दोन्ही टोकांची रुंदी मोजा. समजा एका टोकाला २०.० मिमी, दुसऱ्याला २०.४ मिमी. फरक ०.४. भागिले चार, ०.१ मिमी, तो ४०० मिमी लांबीत. स्क्रूपासून क्लॅम्पपर्यंत अंतर ६०० मिमी असेल तर तिथे पट्टी ०.१५ मिमी सरकवायची. गाडीच्या मेकॅनिककडचा फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पत्त्यांचा जुडगा, इथे कामी येतो. ०.१५ची पत्ती, मागे एक ठोकळा, पत्ती काढा, पट्टी ठोकळ्याला भिडवा, पुन्हा पाच काप. दिशा चुकली असेल तर या वेळी फरक ०.८ येतो आणि उजवं-डावं पक्कं कळतं. बहुतेकांना ते याच वाटेनं कळतं.

या सगळ्यावर पावसाळा पाणी फिरवतो. पट्ट्या लाकडी असतील तर त्या रुंदीत फुगतात, लांबीत जवळजवळ नाहीच. मे महिन्यात लोण्यासारखा सरकणारा पाट ऑगस्टमध्ये सासरी निघालेल्या मुलीसारखा अडतो. कोकणात तर विचारूच नका. मेणबत्ती घासणं हा तात्पुरता उतारा. घट्ट झाला म्हणून पट्टी रंधून घ्यावी तर दिवाळीनंतर ती सुकते आणि पाट खुळखुळतो. कोरड्या सागाची पट्टी बरीच निभावते, लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या सळईला पावसाचं सोयरसुतक नसतं.

राहता राहिला ठोकळा, आणि मला सांगायचं आहे ते खरं त्याच्याबद्दल. पाय ३०० मिमीचे की ३०१चे, याची चौरंगाला पर्वा नसते. चौघे सारखे हवेत, बस. ते टेपनं होत नाही, चार वेळा मोजलं की चार उत्तरं येतात. आधी चारही पायांचं एकेक टोक गुण्यात कापून घ्यावं. मग स्लेडच्या पट्टीवर पात्यापासून ३०० मिमीवर ठोकळा क्लॅम्प करावा, ते टोक ठोकळ्याला भिडवावं आणि दुसरं कापावं. ठोकळ्याच्या खालच्या कडेला छोटा उतार हवा. नाहीतर तिथे भुसा साचतो, पाय त्या भुशाला टेकतो, आणि तिसरा पाय इतरांपेक्षा भुशाच्या जाडीइतका आखूड निघतो. चौरंगाचं दुखणं पुष्कळदा एवढंच असतं. टेबल सॉच्या लांबट पट्टीलाच ठोकळा समजून तिला टोक टेकवून कापणं मात्र जिवाशी खेळ आहे. सुटा तुकडा पातं आणि पट्टीच्या मध्ये तिरका होऊन गोळीसारखा मागे येतो. त्या पट्टीवर मोजायचंच असेल तर पात्याच्या बरंच अलीकडे ठोकळा लावा, म्हणजे कापताना तुकड्याच्या त्या अंगाला काही टेकलेलं नसेल.

काय घ्यावं, असं विचारलंत तर ज्याच्याकडे फक्त बाल्कनी आहे त्यानं कणा असलेली करवत, सुरी, पटाशी आणि बेंच हूक घ्यावं. सोळा काप एका रविवारी होतात आणि शेजारी बोलणं टाकत नाहीत. खिडक्यांच्या चौकटी, कुंपणाच्या पट्ट्या असं लांबलचक काम असेल तर मायटर सॉ. डबे, ट्रे, देव्हारे करत सुटायचं असेल तर टेबल सॉ आणि स्लेड. यंत्र कुठलंही असो, सरळपणा पात्यातून येत नाही. लाकूड ज्याला टेकतं त्यातून येतो. महागड्या पात्याचे पैसे मोजणारे लोक वाकड्या पट्टीला टेकवून कापतात, आणि काप कसा गुळगुळीत वाकडा आला ते कौतुकानं दाखवतात.

तर सोळाही काप गुण्यात आले, पाय सारखे, सांधे घट्ट. चौरंग शहाबादी फरशीवर ठेवला, यजमान वाकले आणि ‘टक्’.

आता मात्र फरशीच. त्यावरही उपाय आहे, आणि तो गणितानं सिद्ध झालेला आहे. चौरंग चौरस असेल आणि पाय खरोखर सारखे असतील, तर थोड्याफार उंचसखल जमिनीवर तो जागच्या जागी फिरवत गेल्यास पाव फेरीच्या आत अशी एक जागा येते की चारही पाय टेकतात. फरशीच्या जोडावर पायरी असेल तर हमी नाही. एरवी हळूहळू फिरवा, दर बोटाला कडेला दाबून बघा. टकटक थांबली की हात काढून घ्या. पत्रिकेवरचा गणपती कपाटातच राहू दे.

चौरंग मात्र त्या जागी तिरका उभा असेल. पूर्वेचं काय करायचं, ते गुरुजींशी बोलून घ्या.